कासवाच्या पोटातले केस

चूक काकांची होती. हे आधीच सांगून मोकळा होतो, कारण पुढे पुढे तुम्हाला दुसरंच कुणीतरी दोषी वाटायला लागेल, आणि तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघाल. ते मला आवडणार नाही. चहा घ्या, गार होतोय.

तर काका. माझ्या बापाचे थोरले भाऊ. अंजूरला खाडीच्या अंगाला आमची भाताची जमीन होती. तिच्यावर काकांनी गोडाऊन बांधलं, एका कंपनीला भाड्याने दिलं आणि महिन्याभरात शेठ झाले. शेठ व्हायला लागतं काय? गळ्यात बोटाएवढी चेन, दारात पांढरी जीप आणि येईल त्याला सल्ला. चेन आणि जीप विकत मिळते. सल्ला काकांकडे आधीपासूनच भरपूर होता.

मी भिवंडीत त्यांच्या घरी राहायचो. आई-बाप अंजूरला, मी डिप्लोमासाठी काकांकडे, असं मोठ्यांनी ठरवलेलं. दुसऱ्या वर्षी मी डिप्लोमा सोडला. का सोडला ते विचारू नका, सगळ्यांचं विचारून झालंय. एक सर त्याच पिवळ्या पडलेल्या वहीतून वर्षानुवर्षं शिकवत होते. त्यांना मी भर वर्गात विचारलं की सर, हा पार्ट आता बाजारात मिळतो का? त्यांनी मला बाहेर काढलं. मी परत आत गेलो नाही. विषय संपला.

कॉलेज सुटलं, काकांचं घर मात्र सुटलं नाही. गावी जाऊन बापासमोर बसायची माझी तयारी नव्हती. मग भिवंडीतच. सकाळी डोळा उघडला की काका दारात उभे. "काय इंजिनेर, उठले का?" रोज. रविवारी पण. कॉलेज सोडल्या दिवसापासून मी केस कापले नव्हते, ते खांद्यावर आले होते, त्यावरूनही रोज एक टोमणा ठरलेला. काकांना स्वतःला डोक्यावर एक केस नाही, हे इथेच लक्षात ठेवा.

मी घरात बसलो तर माझा पाय हलायचा. उभा राहिलो तर जिना वर-खाली करायचो. संध्याकाळी एसटी स्टँडवर जायचो आणि गाड्यांच्या नुसत्या पाट्या वाचून परत यायचो. नाशिक. पुणे. वज्रेश्वरी. शेवटची तर तासाभराच्या अंतरावर, पण तीसुद्धा वाचायला बरी वाटायची.

अशात काकांचे जावई अमेरिकेहून सुट्टीवर आले आणि त्यांनी एक खोका आणला. आतून निघालं ताटाएवढं गोल, करड्या रंगाचं एक यंत्र. बटण दाबलं की आपोआप घरभर फिरतं आणि केर ओढून घेतं. तुम्हाला आज त्याचं काही वाटणार नाही. तेव्हा मोबाइलवर साप खेळवणं हीच आमच्या घरातली सगळ्यात पुढची टेक्नॉलॉजी होती.

काका चार्जर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये घालायला निघाले. मी चार्जरच्या पाठीवर बघितलं, तर एकशे दहा व्होल्ट. आपल्याकडे दोनशे तीस. घातलं असतं तर यंत्राचा फटाका झाला असता. मी काकांचा हात धरला, बाजारातून विटेपेक्षा जड असा ट्रान्सफॉर्मर आणला, त्याला चार्जर लावला आणि यंत्रावर हिरवा दिवा लागला. त्या दिवशी काका पहिल्यांदाच चार लोकांत म्हणाले, "आमचा पोरगा हुशार हाय."

तिथेच माझं डोकं फिरलं. एकदा बरोबर ठरल्यावर माणूस त्यावर किती दिवस काढू शकतो? मी सहा महिने काढले.

यंत्राला नाव काकीने दिलं. कासव. देवळात गाभाऱ्यासमोर असतं ना, तसं गोल आणि चपटं. पहिले चार दिवस चुकून पाय लागला की ती वाकून नमस्कार करायची. काकांनी मात्र त्याचा खेळ मांडला. कुणीही घरी येवो, काका मूठभर कुरमुरे फरशीवर उधळायचे, कासव सोडायचे आणि पाहुण्याच्या तोंडाकडे बघत बसायचे. पाहुणे बिचारे पाय सोफ्यावर घेऊन चहा प्यायचे.

आता आमचं घर कुठे, तर पॉवरलूमच्या कारखान्याला लागून. दिवसभर खटखट, आणि खिडकीतून सुताचा बारीक भुगा आत. सकाळी पुसलेली फरशी दुपारी पांढरी. कासवाला काम भरपूर. रोज दुपारी जेवणं झाली की काकी मागच्या दारात पेपर पसरायची, कासव उलटं करायची, अंबाड्यातली पिन काढायची आणि त्याच्या ब्रशात गुंतलेलं काहीतरी ओढून काढायची. कोलंबीच्या पाठीतला काळा धागा काढतात ना, अगदी तसं. मग त्याच्या मागचा डबा उपसून पेपरावर झटकायची.

मला ते बघवायचं नाही. मी तिला सांगून टाकलं की हात लावू नकोस, हे अमेरिकन यंत्र आहे, तुझी पिन आत गेली तर वाट लागेल. ती 'बरं' म्हणायची आणि मी दुपारी झोपलो की परत पेपर पसरायची. यंत्राबरोबर एक बुकलेट आलं होतं. मी वाचलं का? अहो, मी सरांची वही नाकारून आलेला माणूस. मी बुकलेट वाचू?

मग आले देशमुख साहेब. अंजूरच्या आमच्या गोडाऊनमध्ये जी कंपनी होती, तिचे नवे मॅनेजर. बोलणं कमी, बघणं जास्त. गोडाऊनसाठी फरशी धुवायची दोन मोठी यंत्रं येणार होती. वर माणूस बसतो आणि गाडीसारखी चालवतो, अशी. ती सांभाळायला माणूस हवा होता. डिग्रीची अट नव्हती. यंत्राची निगा राखणारा हवा, एवढंच साहेब काकांना म्हणाले होते. आणि कामावर घेतल्यावर आधी तीन महिने पुण्यात ट्रेनिंग, राहणं-खाणं कंपनीकडे.

तीन महिने पुण्यात. तुम्हाला कळतंय का मी काय सांगतोय? नव्वद सकाळी 'काय इंजिनेर' ऐकायचं नाही. स्टँडवर जाऊन पाटी वाचायची आणि त्या पाटीच्या गाडीत चढून बसायचं. खरं सांगतो, मला नोकरीपेक्षा ते तीन महिने हवे होते.

काकांनी, आता द्यायचं ते श्रेय देतो, माझं नाव टाकलं. साहेबांना म्हणाले, माणूस घरातच हाय, दसऱ्याला जेवायला या आणि त्याचं काम डोळ्यांनी बघा. ठरलं. साहेब येणार, मी कासव चालवून दाखवणार, त्याची निगा कशी राखतो ते सांगणार आणि पुण्याला जाणार.

दसऱ्याला आठ दिवस होते. मी कासव ट्रान्सफॉर्मरसकट माझ्या खोलीत हलवलं आणि काकीला ताकीद दिली की आता बोटसुद्धा लावायचं नाही.

ती म्हणाली, "बाला, दुपारचं उलटं तरी करतोस ना त्याला?"

"काकी, तू तुझी कोलंबी बघ."

हे वाक्य माझंच आहे. मी लपवत नाही.

आठ दिवस मी कासवाची तालीम घेतली. दिवसातून चार चार वेळा फिरवलं. सोफा हलवून रस्ता केला, कुठल्या कोपऱ्यातून सोडलं की कुठे पोचतं ते पाठ केलं. मला घाई होती. सगळ्याचीच घाई होती. पाचव्या दिवशी त्याचा आवाज बदलला. आधी गुणगुणायचं, आता घशात काही अडकल्यासारखं घरघरायला लागलं. मी म्हटलं, बॅटरी. अजून चार्जिंग. सहाव्या दिवशी ते मध्येच थांबलं आणि दोनदा टूं टूं करून गप्प झालं. मी म्हटलं, भिवंडीतलं व्होल्टेज. सातव्या दिवशी जागच्या जागी थरथरलं. मी म्हटलं, लोडशेडिंग. माझ्याकडे दर दिवसाला एक नवा गुन्हेगार होता.

दसऱ्याच्या सकाळी मी आंघोळ करून बाहेर आलो, तर अंगणात काकांची पूजा चाललेली. हत्यारं-अवजारं पुजायचा दिवस. आमच्याकडे पूर्वी कोयते आणि नांगर असायचे. आता ओळीने जीप, इन्व्हर्टर, मिक्सर आणि शेवटी माझ्या खोलीतून उचलून आणलेलं कासव. त्याच्या गळ्यात, म्हणजे जिथे गळा असता तिथे, झेंडूची माळ. पुढच्या बाजूला जी काळी चकचकीत पट्टी असते, जिच्यातून ते भिंत ओळखतं, बरोबर तिच्यावर कुंकवाचा ओला टिळा. आणि दोन्ही चाकांखाली लिंबू.

नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात आणि गाडी त्यावरून नेतात, माहीत आहे तुम्हाला. जीप लिंबू चिरडते. कासवाला वजनच नाही. म्हणून काकांनी ते वरून दोन्ही हातांनी दाबलं होतं. चाकांतून रस गळत होता.

मी विचारलं, हे काय केलंत? काका म्हणाले, चाकं हायत, म्हणजे गाडीच की. मी म्हटलं, हा सेन्सर आहे, हा त्याचा डोळा आहे. काका म्हणाले, मग डोळ्याच्या वर कपाळ असणार, टिळा बरोबर पडलाय. मी फडकं आणायला आत वळलो आणि तेवढ्यात दारात देशमुख साहेबांची गाडी. सांगितल्या वेळेच्या एक तास आधी.

मी माळ ओढून काढली, लिंबं बाजूला फेकली, बाहीने चाकं पुसली. टिळा तसाच राहिला.

साहेब सोफ्यावर बसले. काकांनी त्या दिवशी एक नाही, दोन मुठी कुरमुरे उधळले. मी आठ दिवस घोकलेल्या कोपऱ्यात कासव ठेवलं आणि बटण दाबलं.

ते वीतभर पुढे गेलं. घरघरलं. मग एक चाक थांबलं आणि दुसरं चालू राहिलं, आणि कासव स्वतःभोवती फिरायला लागलं. गोल. गोल. कुरमुरे आत जायच्या ऐवजी चिरडून चारी दिशांना उडायला लागले. दोन साहेबांच्या पँटवर बसले.

"प्रदक्षिणा घालतंय, साहेब," काका म्हणाले. "शुभ हाय."

झालं. मी फुटलो. सहा महिन्यांचं नाही, दोन वर्षांचं सगळं तिथे बाहेर आलं. मी साहेबांना सांगितलं की हे सगळं यांच्या पूजेमुळे झालंय. या लोकांना यंत्र म्हणजे एक तर देव नाहीतर बैल, मधलं काही माहीत नाही. जमीन यांनी कमावली नाही, आजोबांनी कमावली, यांनी फक्त तिच्यावर पत्रे टाकले. अंगठ्या घालून अमेरिकन यंत्राला कुंकू फासतात आणि मग आमच्यासारख्या जाणकार माणसाचं नाव खराब होतं. काका गप्प होते. दसऱ्याच्या दिवशी, स्वतःच्या घरात, पाहुण्यासमोर. त्यांना गप्प बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. पँटवरचे कुरमुरे उचलून टिपॉयवर ठेवले आणि शांतपणे विचारलं, "याचा ब्रश शेवटचा साफ कधी केलात?"

मी हसलो. हो, हसलो.

"साहेब, हे दुसऱ्याची घाण साफ करतं. याला कशाला साफ करावं लागतंय? तीच तर टेक्नॉलॉजी आहे."

साहेबांनी फक्त मान हलवली. मला वाटलं, त्यांना पटलं.

मग मी स्क्रू-ड्रायव्हर आणला. कासवाच्या पाठीवरचे स्क्रू भराभर काढले, वरचं झाकण उचकटलं आणि आतून एक स्प्रिंग उडून कुरमुऱ्यांत हरवली. मी आत डोकावून बघितलं. हिरवी पट्टी होती, वायरी होत्या. डिप्लोमाच्या दीड वर्षात मी जे शिकलो होतो, ते सगळं वापरून मी म्हणालो, "सर्किट गेलंय."

तेवढ्यात काकी पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने साहेबांना नमस्कार केला, कुरमुऱ्यांत हात फिरवून दोन सेकंदांत स्प्रिंग शोधली आणि माझ्या हातात ठेवली.

"झाकण लाव परत, बाला. वरून कशाला उघडतोस? तोंड खाली हाय त्याचं."

मी स्प्रिंग बसवून झाकण लावलं. ती फरशीवर बसली, कासव मांडीवर उलटं घेतलं आणि अंबाड्यातली पिन काढली. साहेब पुढे सरकले. तिने ब्रश सुटा केला, पिन घातली आणि ओढलं. जे बाहेर आलं त्याचं काय वर्णन करू? चिमणीच्या घरट्याएवढा गोळा. सुताचा भुगा, चुरमडलेले कुरमुरे आणि काळेभोर लांब केस, चाकाच्या आसापर्यंत करकचून गुंडाळलेले. मग तिने मागचा डबा ओढला. तो इतका भरला होता की झटकल्यावरसुद्धा भुगा पडेना, चिकटूनच राहिला.

"पोट भरलंय," काकी साहेबांना म्हणाली. "आठ दिवस कुणी रिकामं केलं न्हाय. त्याला रोज दुपारी उलटं करावं लागतं."

साहेब सोफ्यावरून उतरून तिच्या समोर फरशीवर बसले. "ताई, तुम्हाला हे कोणी शिकवलं?"

तिने सांगितलं की लग्नाआधी ती घरी बसून लूमच्या कांड्या भरायची. धोट्यात बसते ना ती नळी, तिच्यावर सूत गुंडाळायचं काम. सूत गुंतलं की चाकाचा आवाज बदलतो, तो कानाला कळतो. "हे पण तसंच घरघरतंय पाचव्या दिवसापासून. मी ऐकत होते. पण मला हात लावायची बंदी होती."

मी घाईने म्हणालो की केस तिचेच असणार, बायकांच्या केसांनीच ही यंत्रं बिघडतात.

काकीने गोळ्यातून एक केस ओढून उजेडात धरला. "माझे अर्धे पांढरे झाले, साहेब. आणि यांच्या डोक्यावर तर काहीच न्हाय."

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. साहेब. काकी. काका. काकांनी तर जरा जास्तच वेळ बघितलं.

"आणि ते कुंकू?" मी शेवटचा प्रयत्न केला. "सेन्सरवरचं कुंकू?"

काकीने पदराचं टोक घेतलं आणि टिळा पुसला. तेवढंच. ब्रश लावला, डबा सरकवला, बटण दाबलं. कासव गुणगुणत निघालं आणि एका बाजूने सगळे कुरमुरे खात गेलं.

जेवणं तासभर उशिरा झाली, कारण काकी साहेबांना विचारत बसली होती. तुमच्या मोठ्या मशीनचा ब्रश खालून सुटतो का बाजूने? घाण पाणी वेगळ्या टाकीत जातं का? ती टाकी रोज कोण रिकामी करतं? साहेब सांगत होते आणि मधे मधे खिशातल्या वहीत काहीतरी लिहीत होते. माझं नाव लिहीत असतील, असं मला तेव्हाही वाटत होतं. बघा, असा असतो माणूस.

चौथ्या दिवशी साहेबांचा फोन आला. काकांनी घेतला, ऐकला आणि ठेवला. बोलावणं काकीला होतं.

काका भडकले. शेठाची बायको काय लादी पुसायला जाणार?

काकी भाजी निवडत होती. तिने वर पण बघितलं नाही. "पुसणार मशीन. मी वर बसणार. आणि जमीन आपलीच हाय. तिथं गुडघाभर चिखलात वाकून लावणी केलीय मी, तेव्हा कुणाला लाज न्हाय वाटली. आता बसून फिरेन."

काकांकडे सल्ला नव्हता. माझ्याकडेही नव्हता. 

पुण्याच्या गाडीला तिची बॅग मीच चढवली. पाटी त्या दिवशीही वाचली. गाडी सुटताना ती खिडकीतून वाकून म्हणाली, "दुपारचं उलटं कर हां, बाला." दुसऱ्या दिवशी सकाळी काका दारात उभे होते. मला वाटलं, दसऱ्याचं काही बोलतील. एक अक्षर नाही. कासव माझ्यासमोर ठेवलं, एक केसांची पिन ठेवली आणि म्हणाले, "काय इंजिनेर, उठले का?"

नोकरी गेली. पुणं गेलं. केस कापले. तीन महिने काकांचा कुकर मी लावला.